कामाचे दिवस मोजणारा पुठ्ठा

मी एका चिक्कीच्या खोक्याचा पुठ्ठा. लोणावळ्यात जन्मलो म्हणजे अंगाला गूळ चिकटणार, असं वाटलं होतं. चिकटली ती शाई.

१९६१ साली सरकारी कचेरीतल्या हनुमंतराव कारकुनांनी माझ्यावर तारखा मोजायची एक चिमुकली भाषा लिहिली. 'का' म्हणजे कामाचा दिवस. 'रो' म्हणजे रोजचा, सुट्टीसकट. 'पु' म्हणजे सुट्टी आडवी आली तर पुढच्या दिवशी. नोटिशीवर कामाच्या पंधरा दिवसांत हरकत घ्यायची, तर 'नो + १५ का'. झालं! महिन्याभरात शिपाईसुद्धा ही भाषा बोलू लागला. मला खुर्चीमागे टांगून हनुमंतराव अशा ऐटीत बसत, जणू पंचांगच त्यांनी रचलंय!

कुरवंड्याच्या सरूबाईंना भाताच्या खाचराबद्दल नोटीस आली. हरकत वेळेत घेतली नाही, तर खाचर हातचं जाणार होतं. हनुमंतरावांनी माझ्यावर बोट फिरवून सांगितलं, "मावशी, मंगळवारपर्यंत मुदत आहे."

मंगळवारी सरूबाई अर्ज घेऊन चालत आल्या. कचेरीचे साहेब म्हणाले, "मुदत काल संपली."

हनुमंतरावांचा चेहराच उतरला. त्यांनी गावच्या जत्रेचा दिवस सुट्टीत धरला होता. सरकारी यादीत ती सुट्टी नव्हतीच! पण जत्रेच्या दिवशी काम असतं, हे मावळातल्या माणसाच्या डोक्यात शिरणार कसं?

"भाऊ, तुमीच मंगळवार सांगितला व्हता. आता आमी कुटं जायचं?" सरूबाई म्हणाल्या. मला भिंतीवरून उडी मारावीशी वाटली.

"साहेब, चूक माझी," हनुमंतराव म्हणाले. "पण जत्रेच्या दिवसाचं हजेरीचं मस्टर एकदा बघा."

साहेबांनी पान उघडलं. एकाचीही सही नव्हती. त्यांची स्वतःचीसुद्धा! जत्रेतल्या कुस्त्या बघायला तेच सगळ्यांत पुढे बसले होते.

"कचेरीलाच कुलूप, तर दिवस कामाचा कसला?" असं पुटपुटत त्यांनी अर्जावर शिक्का मारला. सरूबाई तिथेच खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. हनुमंतरावांनी त्याच दिवशी माझ्यावर नवी खूण लिहिली: 'कु', कुलपाचा दिवस, मोजू नये.

हनुमंतराव निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या खिळ्यावर छापील कॅलेंडर आलं आणि मी कपाटामागे पडलो. त्यांच्या शाईच्या बोटाची फार आठवण येते हो.

मला खुशाल रद्दीत घाला. फक्त 'मुदत संपली' म्हणण्याआधी दारातल्या मावशीला बसायला सांगा, आणि पुन्हा एकदा मोजा.