आर्मिंडाची पांढरी बादली

आमच्या लेकीचं, इल्डाचं लग्न झालं ते साल एक्क्याण्णव. जूनचा दुसरा शनिवार होता. तारीख पक्की लक्षात राहण्याचं कारण असं की त्याच्या पुढच्याच गुरुवारी माझी बायको आर्मिंडा आयुष्यात पहिल्यांदा गळ टाकायला गेली, आणि मला न घेता गेली.

हे सगळं सुरू केलं इल्डाच्या चुलतसासऱ्याने. त्याचं नाव स्टॅश. पोलिश माणूस, जन्मभर वेल्डिंग करून निवृत्त झालेला. लग्नाच्या जेवणात तो आमच्या टेबलावर बसला आणि आमचा घेवडा घातलेला भात, जागासिदा, तीनदा मागून घेतला. खाता खाता तो जवळच्या, दोन उपसागरांना जोडणाऱ्या मोठ्या कालव्याच्या गोष्टी सांगू लागला. मधली काही वर्षं पट्टेरी बास मासे दिसेनासेच झाले होते, आता परत येऊ लागलेत, आणि आलेत ते मांडीएवढाले. आर्मिंडाने विचारलं, बाईमाणसाला ओढवतील का? स्टॅशने तिचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला की या हातांनी घोडासुद्धा ओढून निघेल.

मग तिने माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं.

माझा थोरला भाऊ दोमिंगो न्यू बेडफर्ड बंदरातल्या एका मासेमारीच्या बोटीवर होता. अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत ती बोट बाहेर गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून मी पाण्याच्या काठावर पाय ठेवला नव्हता. पुलावरून जाताना मी पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत जायचो. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नसे.

आमची ओळख रांगेतली. पंचावन्न साली मी वेअरहॅमच्या क्रॅनबेरीच्या मळ्यात कामाला लागलो तेव्हा अजून हातानेच बेरी काढत. वीस-पंचवीस माणसं खांद्याला खांदा लावून गुडघ्यांवर रांगत पुढे सरकायची, लाकडी दात्यांचं सूप वेलींत घालायची, उचलायची, परत घालायची. माझ्या उजव्या हाताला आर्मिंडा होती. मी मागे पडलो की ती न बोलता माझ्या पट्ट्यातलं थोडं स्वतःच्या सुपात घ्यायची, म्हणजे मुकादमाला कळू नये. त्या रांगेतच आमचं ठरलं. लग्नानंतरही कितीतरी हंगाम ती माझ्या उजव्या हातालाच होती. मग यंत्रं आली, रांगा गेल्या. आम्ही मळ्यातच दुसऱ्या कामांवर राहिलो, पण ती एकीकडे आणि मी दुसरीकडे. म्हातारपणी दोघं सोफ्यावर शेजारी बसून टीव्ही बघायचो. पण सोफा म्हणजे रांग नव्हे.

आणि आता ती दुसऱ्याच रांगेत उभी राहायला निघाली होती.

उजाडायच्या सुमारास स्टॅशची गाडी यायची. तो भोंगा वाजवत नसे, दिवे दोनदा मिचकावायचा. आर्मिंडा पिवळा मेणकापडाचा कोट चढवायची, गळाची काठी आणि पांढरी बादली घ्यायची आणि जायची. मी अंथरुणात पडून स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज ऐकायचो. ती परत यायची ती गालांवर लाली घेऊन, तोंडाने बडबड करत. वान्नाक असं म्हणाला, वान्नाक तसं म्हणाला. हा वान्नाक कंबोडियाचा, फॉल रिव्हर गावातल्या कारखान्यात कामाला, रांगेत तिच्या शेजारी उभा राहणारा. माशाचं डोकं कधी फेकू नये हे त्याने तिला सांगितलं, जणू आम्ही जिथून आलो त्या फोगो बेटावर कोणी डोकी फेकत होतं. मी हसायचो. ती हिरवी केळी घालून माशाचं कालवण करायची, मी दोन वाट्या खायचो, आणि कालव्याबद्दल एक अक्षर विचारायचो नाही.

ती मला चल म्हणत नव्हती. तिने विचारलं की नाही म्हणायचं हे मी ठरवून ठेवलं होतं, आणि त्यासाठीच ती कधी विचारते याची वाट बघत होतो.

फ्रिजवर तिने एक कागद लावला होता. भरती-ओहोटीमुळे कालव्याचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. कधी पूर्वेकडे धावतं, कधी पश्चिमेकडे. पाणी वळतं त्या सुमाराला मासे खायला उठतात, म्हणून वळण झाल्याशिवाय गळवाले घरी येत नाहीत. वळणाच्या वेळा त्या कागदावर होत्या, आणि मला वाचता येत नव्हतं. फोगो बेटावर शाळा दोन डोंगर पलीकडे होती आणि घरच्या शेळ्या माझ्याकडे होत्या. आकडे मी कामापुरते ओळखायचो, पण कुठला आकडा कुठल्या दिवसाचा, पूर्वेचा की पश्चिमेचा, हे कळायला अक्षरं लागत होती.

एकोणसाठाव्या वर्षी मी वाचनालयातल्या शिकवणीच्या वर्गाला जाऊ लागलो. बाईंनी विचारलं, तुम्हाला काय वाचायला आवडेल, वर्तमानपत्र की बायबल? मी खिशातून तो कागद काढून ठेवला. बाई आधी हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी खुर्ची जवळ ओढली. आयुष्यात मी स्वतः वाचलेले पहिले शब्द म्हणजे गुरुवार, पूर्व आणि वळण.

त्यानंतर मला ती केव्हा येणार हे आधीच कळू लागलं. मी त्या हिशेबाने भात चढवायचो. ती दारात आली की भात वाफेवर असायचा. तिने कधी विचारलं नाही की तुला वेळ कशी कळते.

पण वेळ कळल्यावर नुसतं घरी बसणं आणखी अवघड झालं. एका सकाळी ती गेल्यावर मी ट्रक काढला. कालव्याच्या वरच्या अंगाला गाड्या लावायची जागा आहे. तिथून, ट्रकमध्ये बसल्या बसल्या, पाणी दिसत नाही. काठावरच्या माणसांच्या पाठी दिसतात आणि त्यांच्या डोक्यांवरून पलीकडची झाडं. तेवढं मला सोसण्यासारखं होतं. पिवळा कोट लगेच सापडला. हात मागे गेला, काठी वाकली, सुटली. तीस वर्षांपूर्वी ती सूप जसं फेकायची तसाच तो हात होता, खांद्यातून नाही, कमरेतून.

मग मी नेमाने जाऊ लागलो. वळणाच्या थोडं आधी निघायचो म्हणजे तिच्याआधी घर गाठता येई. हे सात उन्हाळे चाललं. गर्दीच्या दिवसांत, मॅकरेल या छोट्या माशांच्या मागे मोठे मासे आले की, तिथे माणसाला माणूस चिकटून उभा असायचा. तरी आर्मिंडाच्या डाव्या हाताला एका माणसाएवढी जागा रिकामी असायची आणि त्या जागेत ती पांढरी बादली. मला वाटायचं, तिला हात हलवायला मोकळं लागत असेल.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ती जिना चढताना दोनदा बसली. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालंय. ओझं उचलायचं नाही, ओल्या दगडांवर जायचं नाही. घरी येऊन तिने पिवळा कोट खुंटीला लावला. पुढच्या गुरुवारी स्टॅशने दिवे मिचकावले तेव्हा ती कोट घालून दाराशी उभी होती. मी पायांत बूट चढवले होते.

"बादली दे इकडे," मी म्हणालो.

तिने दिली. गाडीत बसताना तिने माझी बाही धरली होती.

कालव्याचा उतार मोठमोठ्या दगडांचा आहे. मी प्रत्येक दगडावर आधी बसलो, मग घसरून खालच्यावर गेलो, लहान मूल जिना उतरतं तसा. एका हाताने बादली, दुसऱ्याने तिचं कोपर. नक्की कोण कोणाला धरत होतं ते सांगता येणार नाही. खाली पाणी हिरवं होतं आणि एखाद्या गाडीसारखं धावत होतं. मला दोमिंगोचा कोट आठवला, तोही पिवळाच होता. मी समोरच्या कोटाकडे बघत राहिलो.

पुढे उतरलेल्या स्टॅशने वळून मला बघितलं, मग रांगेकडे बघून मोठ्याने म्हणाला, "आला रे बाबा एकदाचा. काय किंतिनो, गाडी लावायला सात वर्षं लागली?"

सगळी रांग हसली. मला काही कळेना. तेव्हा वान्नाकने सांगितलं. मोठ्या पुरुषाला न्हो आणि बाईला न्हा असं आमच्यासारखं मानाने म्हणायला तो आर्मिंडाकडूनच शिकला होता.

"न्हो किंतिनो, या जागेवर कोणी उभं राहायला आलं की न्हा आर्मिंडा म्हणायची, माझा नवरा गाडी लावतोय, येईलच एवढ्यात. पहिल्या उन्हाळ्यापासून. आम्हा बाकीच्यांना वाटायचं, हिला नवराच नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून दोरीला आमिषाचा लाकडी मासा बांधत होती.

"मी खोटं कुठं बोलले?" ती म्हणाली. "गाडी तर लागलेली असायचीच. घरी आले की ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवायचे. गरम असायचं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू नाही म्हणाला असतास. मग गाडीही आणली नसतीस."

तिने बादली उचलून मागच्या दगडावर ठेवली आणि मी तिच्या डाव्या हाताला उभा राहिलो.

त्या सकाळी मी सगळ्यांची वाट लावली. मळ्यातल्या रांगेत ज्याला जमेल तसा त्याने हात चालवायचा. कालव्यावर तसं नाही. पाणी ज्या दिशेला धावतंय त्या टोकाचा माणूस आधी गळ टाकतो, त्याची दोरी वाहत पुढे गेली की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. क्रम मोडला की दोऱ्या एकमेकींवर पडतात. पाणी स्टॅशच्या बाजूला धावत होतं, म्हणजे आधी स्टॅश, मग वान्नाक, मग आर्मिंडा, मग मी. मला हे कोणी सांगायच्या आत मी तिची दुसरी काठी जोरात फिरवली आणि चार माणसांच्या दोऱ्यांची एकच वेणी घातली. समोर मासे पाणी फोडत उड्या मारत होते आणि चौघेजण गाठी सोडवत बसले. शेवटी स्टॅशने चाकू काढला.

"लग्नातही तू नाचायला असाच मधे घुसला होतास," तो एवढंच म्हणाला.

वळण झालं तेव्हा क्रम उलटला. आता आधी मी, मग आर्मिंडा, मग वान्नाक, शेवटी स्टॅश. ती म्हणाली, "टाक आता," आणि मी टाकला. माझ्या मागोमाग तिचा गळ सुटल्याचा आवाज आला. मळ्यातल्या रांगा गेल्यापासून मी तसं काही ऐकलं नव्हतं.

तो उन्हाळा आम्ही जमेल तितक्या वेळा गेलो. मी एकूण पाच मासे धरले, त्यातले तीन मापाला कमी म्हणून सोडावे लागले. ऑगस्टच्या शेवटी तिला काठी पेलवेना. मग ती तिच्याच जागेवर बादली पालथी घालून तिच्यावर बसायची. मला वाटलं होतं रांग आता ती जागा सोडून देईल आणि वान्नाकच्या मागोमाग मी टाकायचा. पण वान्नाकने टाकल्यावर ती थोडं थांबायची, तिचा गळ वाहून जायला जेवढा वेळ लागला असता तेवढं, आणि मग मला म्हणायची, "आता." एकदा वान्नाकच्या मागोमाग मी लगेच टाकला तर तिने माझ्या नडगीवर बुटाची ठोकर मारली.

त्या दिवसांत मी तिला विचारलं की सात वर्षं मी वर बसून होतो, तुला राग नाही आला? ती म्हणाली, आला ना, पावसात फार यायचा, वाटायचं वर जावं आणि काच फोडावी. मग म्हणाली की माझी पाठ बघायला कोणीतरी आहे हे कळलं की हात जरा जास्त लांब जायचा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मासे दक्षिणेला निघाले. शेवटच्या दिवशी पाण्यावर पक्षी नव्हते, काही नव्हतं. स्टॅशने रीळ गुंडाळलं. ती मात्र वळण होईपर्यंत उठली नाही, आणि तिच्यामुळे कोणीच उठलं नाही. वळणाच्या वेळी पाणी पाच-दहा मिनिटं अगदी उभं राहतं. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

मी अजून जातो. स्टॅश आता फारसा येत नाही, वान्नाकच्या केसांत पांढरं आलंय. आमच्या दोघांच्या मधे बादली असते. नवा कोणी विचारतो, इथं कोणी आहे का, तर वान्नाक म्हणतो की जागा धरलेली आहे. पाणी त्याच्या बाजूला धावत असलं की आधी तो टाकतो. मग मी थांबतो, तेवढंच. मग टाकतो.

आर्मिंडा १९ ऑक्टोबर १९९८ रोजी, सोमवारी सकाळी, आमच्या घरी वारली. तिला चौसष्ट वर्षं पूर्ण झाली होती.