मधला दाणा

पारसमल ओस्तवालांनी जळगावात चाळीस वर्षं डाळमिल चालवली आणि त्या चाळीस वर्षांत कुणाच्या गोड बोलण्यावर एक पोतं विकत घेतलं नाही. समोरचा वरचा चकचकीत दाणा दाखवायचा. पारसमलजी लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसून मधला दाणा काढायचे. मग मूठभर तूर वरून ताटात सोडायची आणि डोळे मिटून ऐकायचं. माल सुका की ओला, हे त्यांना त्या खळखळीवरून कळायचं. गेल्या वर्षी एकदा ताटात तूर पडताना दिसली आणि ऐकू काहीच आलं नाही, तेव्हा त्यांनी दुसरी मूठ सोडून पाहिली.

धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मिलच्या घरघरीने दोन्ही कान झिजलेत, एक जरा जास्त, आणि ते झिजतच जाणार. आधी पातळ आवाज जातील, चिमण्यांचे, पैंजणांचे, बांगड्यांचे. जाड आवाज सगळ्यांत शेवटी जातील. किती दिवसांत, ते काही डॉक्टर बोलले नाहीत. पारसमलजींनी घरी येऊन बायकोला, प्रेमकुंवरबाईंना, कानातला मळ काढला एवढंच सांगितलं. मनाशी मात्र ठरवलं की कान पुरते मिटायच्या आत एकदा तरी गाणं जसं असतं तसं ऐकायचं.

आता ज्या माणसाला 'जेवायला चला' तीन हाकांत ऐकू येत नाही, त्याला हाय-रेझोल्यूशन म्युझिक प्लेअर हवा झाला, म्हटल्यावर घरात हसं होणारच. मोबाईलवर गाणी वाजतात की, असं मुलगा ललित म्हणाला. नात चेलना पुण्यात एका स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करायची, तिने आजोबांची बाजू घेतली. मोबाईलवर येईपर्यंत गाण्यातलं बारीक बारीक बरंच काही गाळलेलं असतं, चांगला प्लेअर ते गाळत नाही, असं तिने सांगितलं. म्हणजे पॉलिश मारलेली डाळ आणि बिनपॉलिशची डाळ, पारसमलजी म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

दिवाळीला घरी आलेल्या चेलनाने सणानंतर एका सकाळी गाडी काढली. धुळ्यात नईमचं दुकान होतं. त्याचे वडील नूर महंमद त्याच गाळ्यात रेडिओ दुरुस्त करायचे. नईमने आता तिथे नाना तऱ्हेचे हेडफोन आणि प्लेअर मांडले होते. प्रेमकुंवरबाईही बरोबर आल्या होत्या. त्यांना धुळ्यातल्या बहिणीकडे जायचं होतं, त्यामुळे हे यंत्राचं प्रकरण कधी एकदा उरकतंय असं त्यांना झालं होतं. दाराजवळच्या स्टुलावर बसून त्या रस्ता बघत राहिल्या.

नईमने तीन प्लेअर काचेवर ठेवले आणि पहिल्यावर दुकानातलं ठेवणीतलं गाणं लावलं. स्वच्छ सतार, स्वच्छ तबला. पारसमलजींनी हेडफोन काढून ठेवला.

"नईमभाई, हा पोत्यावरचा दाणा झाला," ते म्हणाले. "मला मधला काढून दाखवा."

नईम गोंधळला, पण चेलनाला आजोबांची भाषा कळली. फेब्रुवारीत तिच्या भावाचं, मननचं, लग्न झालं होतं. तेव्हा बायका आतल्या खोलीत गीतं गात होत्या आणि चेलनाने चांगल्यातलं रेकॉर्डिंग यंत्र त्यांच्या घोळक्यात उशीवर ठेवून दिलं होतं. पंचवीस बायका एकदम, वर ढोलक, बांगड्या, पोरांची रडारड. पारसमलजी त्या दिवशी बाहेर मांडवात पुरुषांत बसले होते. त्यांच्या घरची रीतच तशी; बायकांची गीतं भिंतीपलीकडून जेवढी येतील तेवढी. ते रेकॉर्डिंग तिच्याजवळच होतं, ते तिने नईमला प्लेअरवर चढवायला दिलं. हाच माल खरा, पारसमलजी म्हणाले. यातून जो एकेक दाणा वेगळा करून दाखवील, तो प्लेअर आपला.

पहिल्यावर नुसता कालवा झाला. दुसऱ्यावर ढोलक तेवढा डोक्यात बसला. तिसरा प्लेअर काळा, ठेंगणा, हाताला वजनदार होता. तो लावला आणि पारसमलजी हललेच नाहीत.

खोलीच उघडली होती त्यांच्यासमोर. डावीकडे त्यांची बहीण सायरबाई, नाकात गाणारी. उजवीकडे सून सारिका, शब्द विसरून नुसती गुणगुणणारी. बांगड्या अगदी पुसट होत्या, पण होत्या. आणि या सगळ्यांच्या मागे एक आवाज होता. खालच्या पट्टीतला, जाड, रुंद. त्याला कसली घाई नव्हती. पुढच्या बायका चढाओढीत ओळ सोडून द्यायच्या, तेव्हा तो ती ओळ धरून ठेवायचा. सगळ्यांचा श्वास संपायचा तेव्हा तो एकटाच पुढे जायचा आणि बाकीच्या येईपर्यंत थांबायचा. अख्खं गाणं त्या एका बाईच्या खांद्यावर होतं. पारसमलजींच्या अंगावर काटा आला. देवळात आला नव्हता इतका.

"ही मागची बाई कोण?" त्यांनी विचारलं. "बोदवडहून कुणा गाणारीला बोलावलं होतं का?"

चेलनाने हेडफोनची एक बाजू कानाला लावली, ऐकलं आणि आजोबांकडे बघतच राहिली.

"दादाजी, ती दादी आहे."

पारसमलजींनी दाराकडे पाहिलं. एक्कावन्न वर्षं संसार केलेली बायको स्टुलावर बसून पिशवीतले लाडू मोजत होती. एवढा पारखी माणूस, आणि घरातला माल कधी उघडून पाहिला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा नवल मोठं होतं.

काय झालं म्हणून प्रेमकुंवरबाई उठून आल्या. चेलनाने सांगितल्यावर त्या अवघडल्या. सासूबाई म्हणायच्या, तुझा गळा पुरुषासारखा जाड आहे, मागे बस. तेव्हापासून मागेच बसते, असं त्यांनी सांगून टाकलं. त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं.

पारसमलजींनी काळा प्लेअर नईमच्या पुढ्यात सरकवला. शेतकऱ्यांशी सौदा पटला की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची, तशी ती आता आली.

"माल चांगला शे," ते म्हणाले. त्यांनी पैसे मोजायला घेतले.

बहिणीकडचं जेवण आटोपून दुपारी परत निघाले. पारोळा गाव मागे पडलं तरी प्लेअर डबीतच होता. मागच्या सीटवर पारसमलजींनी बायकोला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मळाची गोष्ट खोटी होती, हेही सांगितलं.

प्रेमकुंवरबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आधी कोणते आवाज जातील म्हणाले?"

"पातळ. जाड शेवटी."

त्यांनी चेलनाला गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरल्या, वळसा घालून, पारसमलजींना सरकवून त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला येऊन बसल्या, आणि गाडी सुरू झाल्यावर मननच्या लग्नातलं तेच गीत गाऊ लागल्या. आज त्यांच्या पुढे गाणारं कुणीच नव्हतं.