चोविसावा रकाना

मित्रांनो, मी सैन्यातून मोकळं केल्याचा एक जुना दाखला आहे. चोपन्न वर्षं मी लोकांना अर्धवट माहिती दिली. मी जन्मलोच तसा. पण दाखला समोर आला की लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. माझ्यावर जे आहे तेवढंच घडलं, असं ते धरून चालतात. मला याचा राग येतो. तो आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

१९६९च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी तळावर, टाइपरायटरमध्ये माझा जन्म झाला. मी सगळ्यात वरचा कागद. माझ्याखाली कार्बन आणि त्याखाली माझे भाऊ. कारकुनापुढे मोठी रांग होती. सगळे व्हिएतनामहून त्याच सकाळी उतरले होते आणि सगळ्यांना घर दिसत होतं. माझा नंबर आला तेव्हा समोर एक तेवीस वर्षांची नर्स उभी होती. लेफ्टनंट मार्लिस एन्गेन, राहणार मिनेसोटा.

माझ्या अंगावर तीस रकाने आहेत. चोविसाव्यात पदकं लिहितात. तिकडे गेलेल्या प्रत्येकाला जी तीन मिळतात, ती कारकुनाने सवयीने ठोकली आणि मान वर न करता विचारलं,

"अजून काही, लेफ्टनंट?"

"बस कधी आहे?"

"वीस मिनिटांत."

"मग काही नाही. सही कुठे करू?"

त्या खोलीत सगळे असंच करत. सही करण्याआधी वाचणारा माणूस मी तिथे पाहिला नाही. मी त्यांना दोष देत नाही. वर्षभर मरण बघून आलेल्या माणसाला कागद वाचायला लावू नये. पण कारकुनाने वाचायला हवं होतं. तिची फाइल मागच्या विमानाने येत होती. त्याने ती येईपर्यंत थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. त्याने शिक्का मारला आणि मी कायमचा खरा झालो.

मार्लिस गावी आली. जिल्ह्याच्या इस्पितळात लागली आणि तिथे छत्तीस वर्षं राहिली. धान्याच्या कोठारावर काम करणाऱ्या लाइल टोस्ट्रुडशी तिने १९७२ साली लग्न केलं. नोकरीच्या वेळी तिने मला एकदा दाखवलं, घर घेताना एकदा. मग माझं काम संपलं. आमच्याकडे महत्त्वाचे कागद डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. घराला आग लागली तरी फ्रीझर टिकतो, अशी सगळ्यांची खात्री आहे. मलाही प्लास्टिकच्या पिशवीत घालून हरणाच्या मांसाच्या पाकिटांखाली ठेवलं. तिथे मी बेचाळीस वर्षं काढली. दर हिवाळ्यात वरची पाकिटं बदलत. मी तोच राहिलो.

२०२१च्या मार्चमध्ये एका दुपारी लाइलने झाकण उघडलं, पाकिटं बाजूला सारली आणि मला बाहेर काढलं. मार्लिस गेली होती. पोटातला कर्करोग कळल्यापासून सात आठवडे. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर गार पडून होतो आणि तो पेपर टॉवेलने माझ्यावरचं पाणी टिपत होता. चर्चच्या बायकांनी दुखवट्यात जेवण भरून आणलेली भांडी धुवून, ज्याची त्याला परत द्यायला, दारापाशी रचली होती. घरात एवढं सामान असून ते रिकामं वाटत होतं.

सैन्यातल्या माणसाच्या थडग्याला सरकार दगड देतं. त्याचा अर्ज भरायला लाइल मला घेऊन जोलीनकडे गेला. जोलीन म्हणजे आमच्या जिल्ह्यात माजी सैनिकांची कामं बघणारी बाई. ती स्वतः इराकमध्ये सैन्याचा ट्रक चालवून आली आहे.

"काय काय कोरायचंय, लाइल?"

"नाव, हुद्दा, व्हिएतनाम. आणि पर्पल हार्ट."

पर्पल हार्ट म्हणजे शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला मिळणारं पदक. जोलीनने मला उचललं आणि चोविसाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे नाहीये."

"असेल. नीट बघ."

"तीनच ओळी आहेत. तीन ओळी मी नीटच बघते."

"अगं, तिच्या डाव्या खांद्यावर वण होता. लग्नानंतर पहिल्यांदा तळ्यावर गेलो तेव्हा मी विचारलं. म्हणाली, वॉर्डावर रॉकेट पडलं तेव्हा पत्रा लागला. मी म्हटलं, मग तुला पदक असेल. तर म्हणाली, कशाला? त्या दिवशी माझ्या वॉर्डात पाय गेलेली पोरं होती. पुन्हा त्यावर बोलली नाही."

"मी तुमचं सगळं खरं मानते. पण दाखल्यावर नाही ते दगडावर चढत नाही. नियम आहे."

"मग दगडच नको," लाइल म्हणाला.

मित्रांनो, तेव्हा मला कुणी चुरगळून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं. ती बाई त्या खांद्यात धातूचा तुकडा घेऊन जगली. त्याच खांद्याने तिने छत्तीस वर्षं गावातली माणसं उचलली, वळवली, उठवून बसवली. आणि तो खांदा कधी दुखावलाच नव्हता, असं मी सांगत होतो!

लाइल स्वतः सैन्यात गेला नव्हता. लहानपणापासून त्याला एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्याला घेतलं नाही. ती गोष्ट त्याला आयुष्यभर टोचत आली. आता दुसरी टोचायला लागली. त्याने आणि जोलीनने मिळून नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज केला. सोबत मार्लिसचा दवाखान्यातला २००९चा एक्सरे जोडला. खांद्याच्या हाडाजवळ पांढरा ठिपका त्यात स्पष्ट दिसतो.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. अर्धा अर्ज मंजूर. मार्लिसला प्रशंसा पदकही दिलेलं होतं, हे तेव्हा कळलं. ते लाइलला ठाऊकच नव्हतं. ती तिकडून निघण्याच्या दहा दिवस आधी त्याचा हुकूम निघाला आणि तिच्या फाइलमध्ये लागला. त्याच फाइलमध्ये माझा एक कार्बनचा भाऊ लावलेला होता. हुकूम आणि माझा भाऊ यांच्यात दोन पानं. बावन्न वर्षं ते एकाच दोऱ्यात ओवलेले होते आणि ती दोन पानं कुणी उलटली नाहीत. कशाला उलटतील? बाई तक्रार करत नव्हती.

आणि पर्पल हार्ट नामंजूर. "जखमेवर उपचार झाल्याची नोंद आढळत नाही." एक्सरेबद्दल लिहिलं होतं की तुकडा कुठूनही आलेला असू शकतो.

"कुठून येईल?" लाइल जोलीनच्या टेबलावर हात आपटून म्हणाला. "ती काय चर्चच्या विक्रीला गेली होती आणि तिथे तिला रॉकेट लागलं?"

"ओरडा. माझ्यावरच ओरडा. त्यांच्याकडे फोनच उचलत नाहीत," जोलीन म्हणाली. "तोवर मी रॉकेट पडलं त्या दिवसाची इस्पितळाची वही मागवते."

या सगळ्यात थडगं तसंच होतं. अंत्यविधीवाल्यांनी लावलेली नावाची प्लास्टिकची पट्टी उन्हाने पिवळी पडली होती. मार्लिसची धाकटी बहीण आर्डिस दर गुरुवारी ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश घेऊन यायची, आणि तिच्याबरोबर बोलणीही यायची.

"लाइल, ती माझी बहीण आहे, वाफ्यातला टोमॅटो नाही. असल्या पट्ट्या मी रोपांना लावते."

"होईल काम."

"साधा दगड लाव. मार्लिसला काही फरक पडला असता का?"

"तिला नसता पडला. मला पडतो."

"हट्टी आहेस."

"तुमच्या घरात लग्न करून झालो."

आर्डिसने त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

मग वहीच्या पानांची नक्कल आली. १२ ऑगस्ट १९६९, सकाळी सहा ते दुपारी दोन. दाखल झालेल्या जखमींची यादी. लाइलने पहिलं पान बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. अक्षर मार्लिसचं होतं. तेच उभं, घाई असली तरी न बिघडणारं अक्षर, ज्यात ती किराण्याची यादी लिहायची. चौतीस नावं. प्रत्येकापुढे जखम कुठे, रक्त किती दिलं, पुढे कुठे पाठवला. त्यात मार्लिस एन्गेन नाही.

"वही तिच्याच हातात होती," जोलीन हळूच म्हणाली. "ती लिहीत होती, म्हणून ती नाहीये."

हे समजून घ्या, मित्रांनो. नोंद ठेवणारीची नोंद ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. आणि पन्नास वर्षांनी उबदार खोलीत बसलेला माणूस लिहितो, नोंद आढळत नाही! त्याला हे विचारावंसं वाटलं नाही की वही लिहीत कोण होतं.

पानाच्या तळाशी शल्यविशारदाची सही होती. डॉ. हॅलोरन. त्या इस्पितळात काम केलेल्यांची एक संघटना आहे. तिच्या पत्त्यांच्या यादीवरून जोलीनने त्यांना तीन आठवड्यांत शोधून काढलं. ब्याण्णव वर्षांचे, आर्कान्सासमधल्या एका वृद्धाश्रमात. लाइलला नीट ऐकू यावं म्हणून जोलीनने फोनचा स्पीकर लावला. मी शेजारीच होतो.

"लेफ्टनंट एन्गेन तुम्हाला आठवते का, डॉक्टर?"

लाइलने विचारलं. मग म्हातारा आवाज आला. "आहे ती?"

"नाही. मी तिचा नवरा."

"अरेरे. डावा खांदा. दोन तुकडे होते. एक मी काढला. दुसरा हाडाला लागून होता, त्याला हात लावला नाही. टाके उभ्यानेच घालून घेतले तिने. म्हटलं बस, तर खुर्ची रिकामी नव्हती. खुर्चीवर पेशंट होता."

"मग वहीत का नाही?" जोलीनने विचारलं.

"मी म्हटलं लिही. ती म्हणाली, ही वही पेशंटांची आहे."

"आणि तुम्ही?"

"मी पुढच्या टेबलाकडे गेलो." म्हातारा पुन्हा तेच म्हणाला. "बाई, मी पुढच्या टेबलाकडे गेलो. एवढंच खरं आहे."

त्यांनी ते सगळं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. वही, एक्सरे, डॉक्टरांचा जबाब आणि माझी नक्कल असं सगळं वरच्या मंडळाकडे गेलं. मग सोळा महिने काही नाही. लाइल पंच्याहत्तरीच्या पुढे होता. रोज सकाळी तो रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी जायचा. बर्फ असो, चिखल असो, जायचा. आणि बियाण्यांच्या जाहिराती घेऊन परत यायचा.

२०२३च्या ऑक्टोबरात पत्र आलं. मंजूर. तुम्हाला वाटेल, आता माझा चोविसावा रकाना भरला असेल. नाही. जुना दाखला बदलत नाहीत. दुरुस्तीचा एक वेगळा कागद पाठवतात आणि तो माझ्यासोबत ठेवायचा असतो. माझ्यावर आजही तीनच ओळी आहेत. पण आता मला एकट्याला कुणी दाखवू शकत नाही, हे बरं झालं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, "नोंद दुरुस्त करण्यात आली आहे." करण्यात आली आहे! चूक कुणी केली, कधी केली, कुणाला वाईट वाटतंय का, यावर अक्षर नाही. लाइलने ते दोनदा वाचलं. माफीची ओळ नजरेतून सुटली असेल म्हणून पाठीमागेही बघितलं. पाठ कोरी होती.

दगड हिवाळ्यात तयार होऊन आला, पण आमच्याकडे जमीन मेपर्यंत गोठलेली असते. मे महिन्यात तो बसवला. लाइल, आर्डिस आणि जोलीन तिघंच होती. लाइलच्या कोटाच्या खिशात दुरुस्तीच्या कागदासोबत मी होतो. आर्डिसने मोठ्याने वाचलं. नाव, हुद्दा, व्हिएतनाम, प्रशंसा पदक, पर्पल हार्ट. मग तिने पिवळी पट्टी उपटली आणि पर्समध्ये घातली.

"मला तिने कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "सख्ख्या बहिणीला."

"मलाही एकदाच," लाइल म्हणाला.

जोलीनने एक डबी पुढे केली. नोंद दुरुस्त झाली की खरी पदकंही पाठवतात. लाइलने झाकण उघडलं. जांभळ्या फितीचं पदक, नवं कोरं, कुणाच्या अंगाला न लागलेलं. तो ते तळहातावर घेऊन उभा राहिला. दगडाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"हे आता मी कुणाला लावू?" त्याने विचारलं.

जोलीन पंधरा वर्षं हे काम करते आहे. तिला सगळे अर्ज पाठ आहेत. तिने नुसती रिकामी डबी मिटली आणि लाइलच्या खिशात, माझ्याशेजारी ठेवली.

मित्रांनो, मी कागद आहे. मला स्वतःहून बोलता येत नाही, कुणीतरी वाचावं लागतं. तुमच्यातलं कुणी मोठेपणी कचेरीत बसलं आणि कुणाचं आयुष्य तुमच्या शिक्क्याखाली आलं, तर शेजारची फाइल उघडा. समोरचं माणूस घाईत असलं तरी उघडा. आणि तुमच्या घरात कुणी सैन्यात होतं, इस्पितळात होतं, कुठल्याही मोठ्या कामात होतं, तर त्यांचा दाखला आज बाहेर काढा. ते हसतील, आता हे कशाला म्हणतील. त्यांचं ऐकू नका. त्यांना समोर बसवा, एकेक रकाना मोठ्याने वाचा आणि विचारा, यात काय राहिलंय? ते जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून घ्या.