बीअरमधला मासा

माझे बाबा महिन्यातून एक बीअर पितात आणि त्यासाठी जिल्हा ओलांडतात. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे इथे काही मिळत नाही असं समजू नका, मनात आणलं तर आमच्या सिंदी रेल्वे गावात घरपोच मिळेल. पण महादेवरावांना कायदा मोडायचा नसतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालतात, पॅसेंजरचं तिकीट काढतात आणि नागपूर जिल्ह्यात, बुटीबोरीला जातात. तिथे त्यांचे बालमित्र गोपालकाका राहतात. घरी सांगायचं कारण ठरलेलं : गोपालची तब्येत पाहून येतो. गोपालकाकांची तब्येत गेली बारा वर्षं पाहणं चालू आहे आणि गडी ठणठणीत आहे.

तिथल्या एका बारमध्ये दोघं बसतात. बाटलीवर सारस पक्ष्याचं चित्र असतं. सोबत खारे शेंगदाणे, बाकी काही नाही. हे मला गोपालकाकांनीच माझ्या लग्नात सांगितलं. संध्याकाळी बाबा मूठभर बडीशेप चघळत घरी येतात. एरवी देवाजवळ दिवा लावण्याचा मान त्यांचा, पण त्या संध्याकाळी आई तो आधीच लावून मोकळी झालेली असते. कुणी कुणाला काही विचारत नाही. घर चालतं ते अशानंच.

मांसाहाराचं मात्र वेगळं. एके काळी रविवारी मटणाचा रस्सा नसला तर बाबा सुतकात असल्यासारखे बसायचे. मग मी चौदा वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला. आठ दिवस मी डोळे उघडले नाहीत. नवव्या दिवशी बाबा दवाखान्यातून उठले, केळझरच्या गणपतीपुढे जाऊन उभे राहिले आणि बोलले, पोरगी उठून बसू दे, मांस-मच्छी-अंडं जन्मात तोंडात जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मी उठून बसले आणि पोहे मागितले. डॉक्टर म्हणतात औषधाचा गुण आला. मीही विज्ञानच शिकवते, तेच म्हणते. पण ज्या माणसाचा जीव रश्शात होता, त्यानं सोळा वर्षं तुमच्यासाठी भाजी-पोळी खाल्ली, तर त्याच्यापुढे आपलं विज्ञान जरा हळू आवाजात बोलावं.

तर जेवताना त्यांची एकच कुरकुर असते, वरणाची. नवसाच्या पुढच्याच वर्षी त्यांना टायफॉइड झाला होता. तेव्हा आईनं केलेलं वरण त्यांच्या जिभेवर जे बसलं ते बसलं. दर दोन दिवसांनी ताटावर बसून सांगायचं, "टायफॉइडात तुह्या आईनं वरण केलतं, तसं पुन्हा नाई झालं." आई तेव्हाच भाकरी आणायला म्हणून आत जाते.

यंदाच्या मे महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी आले. हिंगणघाटच्या एका कॉलेजात मी अन्नशास्त्र शिकवते आणि शिकवणाऱ्या माणसाची जीभ सुट्टीतही शिकवतच राहते. एका रात्री जेवताना मी आईला सांगत बसले, की शाकाहारी वाटणाऱ्या कशाकशात काय काय असतं. जेलीच्या गोळ्यांत जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन. चीजमध्ये कधी कधी वासराच्या पोटातलं विरजण. आणि कळस म्हणून म्हटलं, "बीअरसुद्धा. कुठे कुठे ती नितळ व्हावी म्हणून माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून टाकतात. गाळ खाली बसतो."

बाबांचा घास हातातच राहिला. मला वाटलं मिरची लागली. मी त्यांच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. इतकी मी हुशार.

त्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच राहिला. गोपालकाकांचा फोन आला तर बाबा म्हणाले, ऊन लई आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ भाजणारे दिवस, लागायचा होता, ऊन होतंच, पण बारा वर्षांत त्यांना ऊन लागलेलं मी पाहिलं नव्हतं. दुपारी ते माझ्या खाटेजवळ कूलरच्या वाऱ्यात येऊन बसले आणि म्हणाले, की गोपाल विचारत होता, बीअरमध्ये असते तरी काय काय. मला हसू आलं, पण चेहरा मी मास्तरणीचाच ठेवला. गोपालकाकांना सांगा म्हटलं, जव भिजवून मोड आणतात, ते वाळवून दळतात, पाण्यात उकळतात. कडूपणासाठी हॉप नावाच्या वेलीची फुलं टाकतात. मग यीस्ट घालून आंबवतात, जिलेबीच्या पिठासारखंच. यात मासा कुठेच नाही. माशाचं काम शेवटी, नितळ करायला, आणि तेही काही जुन्या पद्धतीच्या बीअरींत. मोठे कारखाने हल्ली बहुतेक मातीच्या बारीक भुकटीतून गाळतात.

"मंग आपल्याकडची?" त्यांनी विचारलं. कंपनीला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हटलं. मग ते हळूच म्हणाले, की बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, त्या बाटलीवर नाही. गोपालनं फोटो पाठवला होता, चारही बाजूंचा. हिरवा नाही आणि तांबडाही नाही. दारूला तो ठिपका लावायची सक्ती नसते, हे मी त्यांना सांगितलं. ते ऐकून त्यांचं समाधान झालं नाही, उलट तोंड आणखी उतरलं.

हे सगळं मी गमतीवारी नेत होते. दोन दिवसांनी तपासणीला गेले तर माझं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीठ कमी करा, पडून राहा, एक दिवसाआड दाखवायला या. वाढत गेलं तर बाळाला आणि तुम्हालाही धोका, मग थांबता येणार नाही. बाबा माझ्यामागे उभे होते.  घरी आल्यावर त्यांनी जेवण एका वेळेवर आणलं, चटईवर झोपायला लागले. मी चिडले. तुम्ही उपाशी राहून माझं बीपी उतरणार आहे का, असं बरंच काही बोलले. तेव्हा त्यांनी गोपालकाकांचं निमित्त बाजूला ठेवलं.

"तुह्यासाठी बोललतो मी देवापुढे," ते म्हणाले. "अन् बारा वर्षं मासा पेऊन राह्यलो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मेंदूज्वरात ते रडले असतील, पण तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. मला माझ्या जिभेचा इतका राग आला, की सांगता येत नाही. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली.

मी बाटलीच्या फोटोवरचा पत्ता शोधून कंपनीला मेल केला, दोनदा फोन केला. पोटुशी बाई बीअरमध्ये मासा आहे का म्हणून विचारते आहे, हे फोनवरच्या मुलीला पटायला वेळ लागला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. आमच्या उत्पादनात सध्या कोणताही प्राणिजन्य पदार्थ वापरला जात नाही, गाळण्यासाठी खनिज भुकटी वापरली जाते. यापूर्वीच्या पद्धतींविषयी माहिती उपलब्ध नाही. मी विजयी मुद्रेनं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा मागितला, स्वतः वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"सध्या," ते म्हणाले.

त्या रात्री त्यांनी पिशवीत नारळ ठेवला. पहाटे अनवाणी केळझरला चालत जायचं ठरवलं होतं त्यांनी, चौसष्टाव्या वर्षी, मधुमेहाच्या पायांनी, आमच्याकडच्या मे महिन्यात. सहा वाजेपर्यंत ठीक, पण नऊ वाजता इथली डांबरी सडक माणसाचे तळपाय भाजून काढते. मला जाग आली ती समोरच्या खोलीतल्या बोलण्यानं. बाबा डोक्याला दुपट्टा बांधून निघालेले आणि आई चौकटीत दोन्ही हात टेकून उभी.

"नारळ खाली ठेवा," आई म्हणाली. "तुमचा नवस बाटलीनं नाई मोडला. माह्या हातानं मोडला. पंधरा वर्षं झाले."

बाबांना काही कळलं नाही. मलाही नाही. मग आई बोलायला लागली आणि बोलताना तिनं हात चौकटीवरून काढले नाहीत. टायफॉइडाचे एकवीस दिवस झाले होते. ताप गेला होता, पण माणूस उठत नव्हता; पोटात काही ठरत नव्हतं, अंगावर नुसतं कातडं उरलं होतं. आमच्या शेतात तेव्हा बायजा नावाची बाई कामाला होती, रानाकडच्या पाड्यावरची. ती बाबांना पाहून गेली आणि आईला म्हणाली, भाजी-भाताच्या पाण्यानं हा माणूस काही उठत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या चुलीवर बकऱ्याचे पाय उकळले आणि ते पाणी झाकणाच्या डब्यातून आणून दिलं. आईनं ते तुरीच्या वरणात मिसळलं, वरून जिऱ्याची फोडणी दिली. असं सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी बाबा भिंत धरून अंगणापर्यंत आले.

"पोरगी तुमच्या नवसानं वाचली होती," आई म्हणाली, "अन् नवसापाई तुमी चालले होते. मी कोनाले सोडू?"

बाबा मटकन खाली बसले. मी खाटेच्या कडेला. आता काहीतरी मोठं तुटणार असं मला वाटत होतं. फसवलं गेल्याचा राग माणसाला येतोच, आणि हे तर देवाच्या बाबतीत. बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. मग त्यांनी मान वर केली.

"म्हनून तसं वरण पुन्हा नाई झालं," ते म्हणाले.

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. पोटात बाळानंही लाथ मारली. आई मात्र हसली नाही. तिचं अजून संपलं नव्हतं. बाबांनी विचारलं, मग तू देवाला काय सांगितलं? तिनं सांगितलं होतं, की दोष माझा, त्यांच्याकडे आणि पोरीकडे पाहू नको, त्याबदल्यात माझ्याकडून घे. आणि त्या दिवसापासून चहा सोडला.

इथे तुम्हाला माझ्या आईचा चहा सांगायला हवा. माझ्या लहानपणी ती दिवसातून पाच वेळा चहा प्यायची. देवकाबाईच्या अंगात रक्त नाही, चहा आहे, असं माझी आजी म्हणायची. मग तो अचानक सुटला. पित्त होतं, म्हणाली. पंधरा वर्षं तिनं आम्हा सगळ्यांसाठी रोज दोन वेळा आलं ठेचून चहा उकळला, पाहुण्यांना आग्रह केला, आणि स्वतः कपात गरम पाणी घेऊन बसली. मी पोटातल्या आम्लावर तासच्या तास बोलू शकते. आईला पित्ताची एक गोळी घेताना कधी पाहिलं का, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"पित्त होते म्हनत होती तू," बाबा म्हणाले.

"म्हनत होती," आई म्हणाली.

बाबा उठले. नारळ त्यांनी देवापुढे ठेवला आणि आत जाऊन स्वतः चहा मांडला. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा. तो निम्मा उतू गेला. उरलेल्यातला अर्धा बशीत ओतून त्यांनी आईपुढे सरकवला. पंधरा वर्षांत पोरीला काही झालं नाही, ते म्हणाले, म्हणजे देवानं तुझं ऐकलं. माझा नवस इतकी वर्षं तूच चालवत होतीस. आईनं बशीकडे पाहिलं. तिचा हात पुढे आला, आणि मागे गेला. पोरगी सुखरूप सुटू दे, मग पाहू, म्हणाली. तेव्हा बाबांनीही आपला कप बाजूला ठेवला. झालं, त्या दिवसापासून घरात चहा पिणारी मी एकटी, आणि माझ्या तोंडाकडे बघणारे ते दोघं.

त्यानंतर बाबा दोन्ही वेळा जेवायला लागले. माझं बीपी काही आमच्या घरच्या तहाला जुमानणारं नव्हतं. ते अकराव्या दिवशी वर गेलं आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी ऑपरेशन केलं. नवरा धनंजय हिंगणघाटहून पोचला तेव्हा मुलगी जन्मून अर्धा तास झाला होता. अडीच किलोची, डोक्यावर दाट जावळ, आणि रडण्याचा आवाज रेल्वेच्या भोंग्याच्या तोडीचा.

संध्याकाळी मला वॉर्डात आणलं. आई माझ्या उशाशी बसली होती, बाळ तिच्या मांडीवर. बाबा खालच्या टपरीवरून कागदी कपात चहा घेऊन आले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक स्टीलची बशी काढली. घरून आणली होती. किती दिवसांपासून खिशात घेऊन फिरत होते, कोण जाणे. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकून निववला आणि बाळाला आपल्याकडे घेऊन बशी आईच्या हातात दिली.

आईनं दोन्ही हातांनी बशी तोंडाला लावली. डोळे मिटून ती सगळा प्यायली, सावकाश, थेंब न ठेवता. मग बशी पुढे केली, आणखी ओता म्हणून.

"आई, पित्त होईल," मी म्हटलं.

"होऊ दे," आई म्हणाली.