जागा खाणाऱ्या पापण्या

वृद्धनिवासाची वेबसाइट एके दिवशी उघडेनाशी झाली, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकबाईंनी ठकीला फोन केला. फोन ठेवल्यावर ठकी कितीतरी वेळ नखं खात बसली. ठकी म्हणजे कुणी पोर नव्हे बरं का, चांगली बेचाळीस वर्षांची बाई, वेबसाइट बनवणारं ऑफिस चालवणारी. ठकी म्हणायचे ते फक्त तिचे बाबा, आणि त्यांचं ऐकून धाकटा भाऊ. नखं खायचं कारण असं, की ती साइट मुळात बाबांनीच बनवलेली होती आणि आई गेल्यापासून बाबा त्याच निवासात राहत होते. ठकी तीन महिने तिकडे फिरकली नव्हती.

ऑफिससुद्धा मूळचं बाबांचंच. चार वर्षांपूर्वी तिने ते हातात घेतलं आणि त्यांच्या साइट्स एकेक करून मोडीत काढल्या. ‘बाबा, ही साइट आहे की सर्कस?’ असं ती एकदा चार माणसांत म्हणून गेली होती. बाबा नुसते हसले. भांडले असते तर बरं झालं असतं, ते हसणं तिला अजून खुपत होतं.

तिचंही अगदीच चुकलं होतं असं नाही. बाबांच्या काळी साइट हलती-बोलती करायची तर ब्राउझरला एक जादा तुकडा जोडावा लागे, त्याला प्लगिन म्हणत. त्याच्या जिवावर लोकांनी काय काय धिंगाणा घातला, विचारू नका. बटणं उड्या मारायची, अक्षरं गोल फिरायची, पान उघडताच कुठून तरी घंटा वाजायची. मग ते प्लगिन ब्राउझरांनीच काढून टाकलं आणि असल्या सगळ्या साइट्स एका फटक्यात मुक्या झाल्या. निवासाची साइट एका जुन्या मशीनवर कशीबशी तग धरून होती, ती शेवटी गेली.

पण त्या साइटमध्ये एक चीज होती, हे ठकीही मान्य करायची. ‘आमची माणसं’ नावाचं पान. निवासातल्या बावीस माणसांची चित्रं, बाबांनी हाताने काढलेली, आणि माऊस जिकडे न्याल तिकडे बावीसच्या बावीस डोळ्यांच्या जोड्या फिरायच्या. खरं तर एकवीस. बाबांनी स्वतःच्या चित्राला काळा चष्मा चढवला होता. नवीन माणूस राहायला आलं की बाबा त्याला तासभर समोर बसवायचे, माझ्याकडे बघा म्हणायचे आणि डोळे काढायचे. स्वतःचे मात्र काढले नाहीत. ‘आरशातले डोळे खोटं बोलतात,’ एवढंच म्हणाले.

‘हे पान तसंच्या तसं हवं हं,’ व्यवस्थापकबाई म्हणाल्या. ‘आणि फोनवर चालायला हवं. मुलं-नातवंडं फोनवरच बघतात, येतंय कोण इथे.’

तो टोमणा नसेलही. ठकीला मात्र बरोबर जागी लागला.

ऑफिसात कामाची वाटणी ठरलेली होती. रंग, अक्षरं, कुठे काय बसवायचं हे ठकीचं; आतलं यंत्र धाकट्याचं. बाबांचा एक नियम दोघांनी अजून पाळला होता: पानाच्या अगदी तळाशी बनवणाऱ्यांचे फोटो, नखाएवढे का होईना. काम केलंय तर तोंड दाखवावं, असं बाबांचं म्हणणं. तर धाकट्याने जुन्या फाइली उघडल्या. प्रत्येक चित्राचे चार तुकडे होते: चेहरा, चष्मा, बुबुळं आणि पापण्या.

‘पापण्या कशाला ठेवल्यात गं? डोळे तर मी कधी मिटलेले पाहिले नाहीत,’ तो म्हणाला. ‘नुसती जागा खातायत. या काढल्या तर पान दीड सेकंद लवकर उघडेल.’

‘काढून टाक,’ ठकी म्हणाली. मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

राहिला प्रश्न फोनचा. फोनला माऊस नसतो, मग डोळ्यांनी बघायचं कुठे? बोट लावलं की बोटाकडे, हे सोपं होतं. आणि बोटही नसेल तेव्हा?

‘तेव्हा काहीच लिहिलेलं नाही,’ धाकटा म्हणाला. ‘जागा सांगितली नाही की शून्य धरलं जातं. शून्य म्हणजे पानाचा वरचा डावा कोपरा. बघत बसतील कोपऱ्याकडे, आपलं काय जातंय.’

सोमवारी ठकीने ते पान फोनवर उघडलं, फोन टेबलावर ठेवला आणि हात बाजूला घेतले. डोळे कोपऱ्याकडे गेले नाहीत. एकवीस जोड्या सावकाश फिरल्या आणि मधल्या रांगेतल्या भूगोलाच्या बाईंवर येऊन थांबल्या. म्हणजे वीसच म्हणायच्या, कारण बाई स्वतः सरळ समोर बघत होत्या.

‘तुझं शून्य भलतीकडेच आहे,’ ती म्हणाली.

धाकट्याने स्वतःचा फोन काढला. त्याचा पडदा अरुंद, त्यावर चित्रं दोन-दोनच्या रांगेत बसायची आणि भूगोलाच्या बाई थेट खाली जायच्या. तिथेही सगळे बाईंकडेच बघत होते. वरचे खाली, खालचे वर. त्याने डोकं खाजवलं आणि उद्या बघतो म्हणाला.

गुरुवारी भूगोलाच्या बाई गेल्या. झोपेतच, शांतपणे, वय नव्वदच्या पुढे. गेलेल्या माणसाचं चित्र महिनाभर पानावर ठेवायचं अशी व्यवस्थापकबाईंची पद्धत होती, त्यामुळे चित्र राहिलं. शुक्रवारी ठकीने पान उघडलं तर सगळे डोळे दातांच्या डॉक्टरांकडे लागले होते. भूगोलाच्या बाईसुद्धा आता तिकडेच बघत होत्या. डॉक्टर पुढच्या मंगळवारी गेले.

‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ,’ धाकटा म्हणाला. ‘तिथलं सर्वांत लहान माणूस अठ्ठ्याहत्तरचं आहे. बोट ठेवशील त्यावर लागू पडेल.’ बोलायला तो उंटावरचा शहाणा, पण बोलताना त्याने आपला फोन पालथा घातला होता.

बुधवारी सकाळी सगळे डोळे काळ्या चष्म्याकडे लागले.

ठकीला भीती तर वाटलीच, पण त्याहून मोठी लाज वाटली. तीन महिने आपण या माणसाकडे एकदाही पाहिलं नाही, आणि ही काढलेली चित्रं बघतायत. मग तिने ते केलं जे तिच्या धंद्यातलं कुणीही करेल. दुरुस्ती करायला बसली. डोळ्यांनी सरळ समोर बघावं असं स्वतःच्या हाताने लिहिलं. पान ताजं केलं. डोळे क्षणभर समोर राहिले, जणू तिचा मान ठेवला, आणि परत वळले.

मग तिने एक जुनी युक्ती काढली. पूर्वी एखादी गोष्ट पानावर नको असेल तर ती पुसायची नाही, डावीकडे लांब ढकलून द्यायची, पडद्याच्या पार बाहेर, दहा हजार ठिपके. असते, पण दिसत नाही. तिने बाबांचं चित्र डावीकडे ढकललं. आता पानावर एकवीसच चेहरे होते आणि सगळे पडद्याच्या डाव्या कडेकडे बघत होते, पार डोळ्यांच्या कोपऱ्यांतून, पांढरं दिसेपर्यंत. डावीकडे तिची पाण्याची बाटली होती आणि पलीकडे भिंत. ठकीने झटक्यात चित्र परत आणलं, लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि निघाली.

‘तू येतोस?’ तिने दारातून विचारलं.

‘एवढं उरकतो आणि येतो,’ धाकटा म्हणाला. हे तो नेहमीच म्हणायचा.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. तब्येत ठणठणीत दिसत होती. ठकीला इतकं हायसं वाटलं की तिला रागच आला.

‘तीन महिन्यांनी आलीस, तीही यंत्र घेऊन,’ बाबा म्हणाले. ‘बस. काय म्हणतायत माझी माणसं?’

‘छान आहेत. फोनवर चालतं आता पान.’

‘चालणारच. तू केलंयस ना.’ त्यांनी चष्मा चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. ‘पापण्या काढल्यास ना गं?’

ठकीने लॅपटॉपची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

‘जागा खातात म्हणून?’

‘दीड सेकंद.’

बाबा मान हलवत राहिले. रागावले नव्हते. ‘माझ्या पहिल्या कच्च्या साइटलाही नव्हत्या,’ ते म्हणाले. ‘माऊस पानाबाहेर गेला की डोळे रिकामे व्हायचे आणि मग आपल्या मनाने बघायचे. पहिल्यांदा बागवानाकडे. मग स्वयंपाकघरातल्या बाईंकडे. तिसऱ्यांदा मी पापण्या बसवल्या. माऊस बाहेर गेला रे गेला की मिटायचे. म्हणून तुम्हाला मिटलेले कधी दिसले नाहीत. बघायला माणूस असलं की उघडे, नसलं की बंद. मला ते कळायलाच नको होतं, ठके. कळून करायचं काय?’

‘सांगितलं का नाही कधी?’

‘सर्कसवाल्याचं कोण ऐकतं?’ ते हसून म्हणाले. ठकीला रडू फुटलं. ‘बाबा, चुकले मी,’ ती म्हणाली. हे तीन शब्द चार वर्षं राहून गेले होते. बाबांनी तिला पोटभर रडू दिलं. मग विचारलं, ‘माझ्याकडे बघतायत का सगळे?’

तिने मान डोलावली.

‘हं,’ बाबा म्हणाले. मग बराच वेळ खिडकीबाहेर एक माणूस रस्ता झाडत होता ते बघत बसले. ‘भीती वाटते म्हणा थोडी. नाही असं नाही. पण आता कळलंच आहे तर फुकट कशाला घालवा. माझे डोळे राहिलेत. तू काढ.’

‘मला तुमच्यासारखे येत नाहीत.’

‘येण्याचं काही नसतं त्यात. तासभर बघायचं. मध्ये उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही. बघ, जमतंय का.’

ठकीने खुर्ची समोर ओढली. पहिली दहा मिनिटं तिला कुठे बघावं कळेना. मग दिसायला लागलं. डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका होता, तो तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. उजवी पापणी जराशी उतरलेली होती, अगदी धाकट्याची उतरते तशी. मध्येच बाबा आईविषयी बोलले, मध्येच पोटावरून काहीतरी फालतू विनोद केला, आणि एक तासाचे तीन कधी झाले दोघांनाही कळलं नाही. तिने ते डोळे काळ्या चष्म्याच्या जागी बसवले आणि बाबांना दाखवले.

‘छान. खरे दिसतात,’ बाबा म्हणाले. ‘आता घाई नाही. पापण्या सावकाश लाव.’

ठकी घरी गेली नाही. त्यांच्या खोलीत सतरंजीवर राहिली. गुरुवारी दोघं बागेत बसले, शुक्रवारी त्यांनी तिला जुन्या साइटचा घंटेचा आवाज तोंडाने काढून दाखवला. शनिवारी दुपारी जेवणानंतर ते खुर्चीत कलले, तेव्हा त्यांचा हात ठकीच्या हातात होता. धाकट्याचं उरकलं, तो तासाभराने पोचला. दारात उभा राहिला आणि आत येईना. ‘मला वाटलं, अजून वेळ आहे,’ एवढंच तो दिवसभर म्हणत होता.

पंधरा दिवस गेले. साइट अजून लोकांपुढे गेली नव्हती. ठकीने ठरवलं, पापण्या बसवल्याशिवाय ती जाऊ द्यायची नाही. सकाळी घरच्या टेबलावर तिने चौथ्या तुकड्याच्या फाइली काढल्या, एकेका चेहऱ्यावर नीट बसवल्या. शेवटचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. त्याआधी तिला एकदा बाबांना बघायचं होतं. उघड्या डोळ्यांनी, तिने काढलेल्या. तिने पान फोनवर उघडलं आणि हात बाजूला घेतले.

तिला वाटलं होतं, बाबा तिच्याकडे बघतील. ते खाली बघत होते. भूगोलाच्या बाई, डॉक्टर, सगळेच खाली बघत होते. खाली चित्रं संपली होती. ठकी बोटाने पान सरकवत तळापर्यंत गेली. तिथे फक्त बनवणाऱ्यांचे दोन फोटो होते, नखाएवढे, शेजारी शेजारी: तिचा आणि धाकट्याचा.

दोघांपैकी कुणाकडे, ते कळेना. तिने फोन आडवा केला. चित्रांच्या रांगा मोडल्या, नव्याने जुळल्या, दोन फोटो एकमेकांपासून लांब गेले, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. डोळे सावकाश फिरले. बाबांचे सगळ्यांत शेवटी फिरले, आणि तो तपकिरी ठिपका उजवीकडे सरकला.

उजवीकडचा फोटो तिचा नव्हता.

तिने तिथूनच फोन लावला. तो उचलेपर्यंत तिने चपलाही घातल्या.

‘बोल ठके,’ धाकटा म्हणाला. मागे कळफलकाचा खडखडाट चालू होता.

‘कुठे आहेस?’

‘ऑफिसात. का गं?’

‘बरं वाटतंय तुला?’

‘मला काय धाड भरलीय. पापण्या झाल्या का? चढवूया का साइट आज?’

‘आज नाही. तू आहेस तिथेच बस, मी येतेय.’

‘मी जरा हे उरकतो, मग मीच...’

‘काही उरकू नकोस,’ ठकी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच बाबांसारखा वाटला. ‘सगळं बंद कर आणि खिडकीजवळ खुर्ची घेऊन बस. तुझे डोळे काढायचेत.’