धक्क्याची जागा

किल्लारीच्या भूकंपाला वर्ष उलटलं आणि वैशाखरे गावाची जमीन थरथरू लागली. थंडीचे दिवस, तरी अख्खं गाव खळ्यात पथारी टाकून निजत होतं. काळूरामच्या बायकोला, सकुबाईला, खोकल्यानं बेजार केलेलं. तिला घरात न्यायचं की नाही, एवढाच त्याचा सवाल, आणि उत्तर द्यायचं होतं लेकीनं. सरिता मुंबईच्या एका संस्थेत भूकंपाच्या नोंदी तपासायची.

संस्थेच्या गणितानं धक्के घाटातल्या डोंगरांखाली, गावापासून लांब निघत होते. सरिताला ते हवंहवंसं वाटे, पण पटेना. ते गणित परमुलखातल्या खडकांवर बेतलेलं. इथल्या जमिनीच्या पोटात काय आहे, हे कुणी पाहिलंय? म्हणून मुरबाडकडच्या एका खाणीतला सुरुंग मोजायचं ठरलं. त्याची जागा माहीत, वेळ माहीत. शहापूरच्या भूकंपमापक यंत्रापर्यंत हादरा कधी पोचतो ते पाहिलं की इथल्या खडकांतून तो किती वेगानं जातो ते कळतं.

पहिला सुरुंग वाया गेला. हिशेबानं हादरा बैलगाडीत बसून गेल्यासारखा निघाला! खाणीतल्या मुकादम बुधूनं सुरुंगाची म्हणून भोंग्याची वेळ कळवली होती. भोंग्यानंतर तो नारळ फोडायचा, हात जोडायचा आणि मगच बत्ती द्यायचा.

"देवाचा टाइम कशाला धरायचा, बाई?" बुधू म्हणाला.

दुसऱ्या खेपेला सरिता स्वतः घड्याळ घेऊन उभी राहिली. इथल्या खडकांतून लाटा गणितात धरल्यापेक्षा हळू जात होत्या. म्हणजे तेवढ्याच वेळात त्या कमी अंतर कापत होत्या; धक्के यंत्राच्या अधिक जवळचे. तिनं ते नव्यानं मांडले, तसे ते घाट सोडून अलीकडे आले आणि वैशाखऱ्याखाली थांबले. तिनं पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. तिला रडू आवरेना.

काळूराम कारवीच्या काठ्यांना माती लिंपलेल्या कुडाच्या झोपडीत जन्मलेला. ओढ्यातले दगड डोक्यावर वाहून, मातीत रचून त्यानं घराच्या भिंती उभ्या केल्या होत्या. गावात त्याचा तोच तोरा.

"आपल्या पायाखालीच हाय, बाबा," सरिता म्हणाली. "या भिंती टिकायच्या नाय. आयेला आत नको नेऊस."

"हे सांगाया तुला एवढी शिकवली?"

"हो."

काळूराम उठून पहार घेऊन आला.

"कारवी तोडून आणू. हे दगड काढून कुडाची हलकी खोली करू. तुझी आय तरी आत निजंल."

त्यानं भिंतीवरचा पहिला दगड सोडवला आणि सरिताच्या हातात दिला. तो खाली टाकायला त्याचा हात धजेना.