पलीकडच्या भिंतीचा हिरवा शिक्का

हो, मीच बोलतोय. संध्याकाळी फिरायला येऊन ज्याच्या पाठीवर तुम्ही टेकडी समजून बसता, तोच. मी टेकडी नाही. नदी आणि तुमची घरं यांच्यामध्ये आडवा पडलेला तीन किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आहे. वय पन्नाशीच्या पुढे, स्वभाव घाबरट. पुलावर कुणी भोंगा वाजवला तरी माझ्या अंगावरचं गवत ताठ उभं राहतं. आणि एक दुर्गुण आधीच सांगून टाकतो, नंतर दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मी जळतो. पलीकडच्या काठावर काँक्रीटची जी भिंत आहे ना, तिच्यावर जळतो.

माझा जन्म घाईत झाला. एका वर्षी नदी वस्तीत शिरली आणि आठ दिवस हललीच नाही. पाणी ओसरल्यावर लहानथोर सगळे घमेली घेऊन बाहेर पडले. पुढच्या पावसाआधी काहीतरी उभं राहायलाच हवं होतं. काळी माती, पडक्या घरांच्या विटा, एक मोडकी खाट, शाळेचा फुटका फळा, सगळं माझ्या पोटात आहे. आता जिथे पंपघर आहे तिथे पुराबरोबर वाहून आलेलं एक भलंमोठं खोड आडवं पडलं होतं. ते हलवायला दहा माणसं लागली असती. "राहू दे, तेवढीच भर," कुणीतरी म्हणालं आणि त्याच्यावर माती पडली. मी कुणाला दोष देत नाही. घाईत असं होतंच. पण लाकूड कुजतं आणि कुजल्यावर त्याच्या जागी काय उरतं, हे त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही.

बरीच वर्षं मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मग केंद्राचं पूरधोरण आलं. देशातल्या सगळ्या बांधांची यादी झाली. तीन वर्षांनी एकदा तपासनीस येणार आणि शिक्का मारणार: हिरवा, पिवळा नाहीतर लाल. हिरवा असेल तर पुरात पडझड झाल्यास दुरुस्ती केंद्र करणार. लाल असेल तर बांधामागची घरंही पूरनकाशावर लाल रंगवणार आणि तिथे नव्या बांधकामाला परवानगी मिळणार नाही. रोजची निगा मात्र वस्तीनेच राखायची. गवत कापायचं, घुशींची बिळं बुजवायची, झाड उगवू द्यायचं नाही, डायरी लिहायची.

मी कायम पिवळा. म्हणजे वरच्या वर्गात ढकललेला मुलगा.

आणि ती? ती माझ्यापुढे काल आली. पलीकडे शहर आहे, त्यामुळे तिचा आराखडा केंद्रातूनच आला. उभी राहिली ती हिरवा शिक्का घेऊनच. तिच्या पोटात पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं आहेत. डोक्यावर दिव्यांची रांग आहे. तिच्या अंगावर गवत उगवत नाही, तिला घूस लागत नाही. लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. माझ्यापुढे उभं राहून कुणी फोटो काढल्याचं मला आठवत नाही. एकदा एकाने काढला होता, पण तो म्हशीचा होता.

बरं, नुसतं दिसण्यावर जळलो असतो तर मीच मला हलकट म्हटलं असतं. पण ती आल्यापासून नदीला तिकडे पसरायला जागा उरली नाही. तिकडचं पाणी माझ्याकडे येतं. ती कोरडी राहते आणि छातीपर्यंत पाणी मी झेलतो. शिक्का मात्र तिला.

माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, काठीमावशी. माझ्यावर गस्त घालण्याचं काम तिचं. ती रोज काठी टोचत टोचत तिन्ही किलोमीटर चालते. तिची एक पद्धत आहे. पावसाळ्यात माझ्या पायथ्याशी कुठे पाणी झिरपलं की ते ती काचेच्या बाटलीत धरते, बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवते आणि पंपघराच्या खिडकीत ठेवते. फेरी संपवून आली की बाटली न हलवता बघते. पाणी नितळ असेल तर बांधाला नुसता घाम आलाय. तळाला गाळ बसला असेल तर आतली माती वाहून चाललीय, म्हणजे बांध पोखरतोय. बाटली ती कधी धुवत नाही, फेकतही नाही. पंचवीस वर्षांच्या बाटल्या ओळीने उभ्या आहेत. त्यांच्यावर धूळ आहे, कोळ्यांची जाळी आहेत, पण आत काय आहे ते दिसतं.

मावशीची सख्खी भाची लहानपणी माझ्या उतारावरून दिवसभर घरंगळत असायची, म्हणून मावशी तिला घसरगुंडी म्हणते. ती शिकली, इंजिनिअर झाली आणि नोकरीला कुठे लागली? भिंतीकडे! माझ्या मातीत फ्रॉक मळवलेली पोर डोक्यावर पांढरं हेल्मेट घालून पलीकडे फिरताना दिसली, त्या दिवशी माझी दोन ढेकळं सुटून नदीत पडली.

गेल्या पावसाळ्यात नदी दोन दिवस वर राहिली आणि पंपघराजवळ मी गळलो. मावशीने बाटली धरली. फेरी मारून आली तर तळाशी दोन बोटं गाळ. ती तिथेच पायरीवर बसली. बांध समितीला तिने कळवलं, डायरीतली त्या दिवसाची ओळ मात्र कोरीच राहिली.

या उन्हाळ्यात तपासणीची तारीख आली तेव्हा बांध समितीचे अध्यक्ष पंपघरात आले. "मावशी, तेवढं डायरीत लिहू नका."

"का?"

"का काय? लाल शिक्का बसला तर चाळीस घरं लाल होतील. पहिलं तुमचंच. धाकट्याला वर मजला चढवायचाय ना? लग्न ठरलंय त्याचं. परवानगी कोण देणार?"

"आणि पाणी आलं तर?"

"दरवर्षी येतं आणि जातं. बांध हाललाय का कधी? तपासणी होऊ दे, मग सावकाश बघू. तुमच्या पाया पडतो हवं तर."

"पाया पडू नका, तिथेच गळतंय," मावशी म्हणाली. पण अध्यक्ष गेल्यावर ती खिडकीपाशी गेली. मग तिने ती बाटली उचलली, नळाखाली धुतली आणि जागेवर ठेवून दिली. डायरीत लिहिलं: पाणी स्वच्छ.

आणि मी? मला लाज वाटायला हवी होती. पण मी खूश झालो. यंदा हिरवा! मग बघू म्हटलं ती भिंत कशी मिरवते ते.

समितीने मला नवरदेवासारखं सजवलं. गवत कापलं, दगडांना चुना लावला, बिळांच्या तोंडांवर चार-चार घमेली माती टाकून वरून धोपटलं. बिळं आत तशीच राहिली. मी अंग चोरून, श्वास धरून बसलो.

तपासनीस आला आणि त्याच्याबरोबर मदतीला कोण? पांढरं हेल्मेट. घसरगुंडी. तिच्या ऑफिसने तिला शिकायला पाठवलं होतं. तिला बघून मी असा दचकलो की वरचा चुना झडला असावा.

सगळं सुरळीत चाललं होतं. तपासनीसाने डायरी चाळली, मान डोलावली. पेन उघडलं. घसरगुंडी खिडकीपाशी गेली आणि थबकली.

"मावशी, ही बाटली कुणी धुतली?"

मावशीने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"सगळ्या धुळकट आणि ही एकच लख्ख? चिठ्ठी पण गेलीय."

"पोरी, तू तुझं काम कर."

"हेच काम आहे माझं. तूच शिकवलंस ना, बाटली धुवायची नाही म्हणून? सांग ना, कुणी धुतली?"

अध्यक्ष मध्ये पडले. "अहो ताई, स्वच्छता म्हणून असेल..."

"मी धुतली," मावशी म्हणाली. मग कुणाकडेही न बघता ती बाहेर आली, माझ्या पायथ्याशी गेली आणि हातातली काठी टोचली. काठी मुठीपर्यंत आत गेली. अडलीच नाही. "दोन बोटं गाळ होता, साहेब. मी खोटं लिहिलं."

तपासनीसाने तिथे खणायला लावलं. हातभर माती काढल्यावर खोड लागलं. खोड कसलं, नुसती साल! आत माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी, नदीपासून वस्तीपर्यंत आरपार जायला दोन हात कमी. सगळे वाकून माझ्या पोटात बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेही कुणासमोर? भिंतीच्या माणसासमोर!

शिक्का लाल बसला. अध्यक्ष ओरडले, "पलीकडच्या पोरीने आमचं नाक कापलं!" तपासनीस शांतपणे म्हणाला, "ताप मोजला म्हणून थर्मामीटरवर कशाला चिडता? यंदाच्या पुरात बांधच वाहून गेला असता तर मी शिक्का कशावर मारला असता?" मावशीचा धाकटा मात्र आठ दिवस आईशी बोलला नाही. मजला राहिला. लग्न झालं, पण नवी सून आली ती एकाच खोलीच्या घरात. मावशी अजून तिच्या नजरेला नजर देत नाही.

सध्या पंपघराजवळ माझं पोट उघडं आहे. खोड बाहेर काढून काठावर टाकलंय. चिकणमातीचा वीतभर थर घालतात, धोपटतात, मग दुसरा थर. पावसाला सहा आठवडे आहेत. काम पुरं होईल की नाही, या विचाराने मी दिवसभर धास्तावलेला असतो. चाळीस घरांनी सामान बांधून बाहेर पडायची दोनदा तालीम केली. दुसऱ्या वेळी म्हाताऱ्यांसकट पाऊण तासात वस्ती रिकामी झाली.

घसरगुंडी सुट्टीच्या दिवशी येते आणि थर मोजते. मला वाटलं, आली, परत माझ्याकडे आली! तर पहिल्याच सुट्टीत तिने खिडकीतली एक रिकामी बाटली मागितली. "यंत्रं आहेत गं तिकडे," ती मावशीला म्हणाली, "पण बाटली असलेली बरी." आणि माझी बाटली ती भिंतीच्या पायथ्याशी नेऊन ठेवून आली. आता बाटलीसुद्धा तिलाच!

दर रविवारी मावशी विचारते, "तिकडची कशी आहे?" मी कान टवकारतो. गाळ म्हण, गाळ म्हण, असं मनात येतं. आणि लगेच दचकतो. तिच्यामागे चार हजार घरं आहेत.

"नितळ आहे," घसरगुंडी सांगते. मला वाईट वाटतं, आणि हायसंही वाटतं. आधी काय वाटतं ते विचारू नका.

माझी जळजळ काही एवढ्यात जायची नाही. हिरवा शिक्का मला आजही हवा आहे. पण तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्या अंगावर चुना लावायला आलंच, तर आधी पंपघराच्या खिडकीत डोकावून जा. मी पुन्हा खोटं बोलेन. माझा भरवसा नाही. तेवढ्या बाटल्या मात्र धुऊ नका.